उना फक्त ‘बघू’ म्हणाली होती

बाल्बोआ, कॅनॉल झोन
९ सप्टेंबर १९७७

ऑरिन,

परवा पनामाबरोबरच्या करारावर सह्या झाल्या. आम्ही टीव्हीवर पाहिलं. तू त्या हॉलमध्ये कुठे उभा होतास का? कॅमेरा गर्दीवरून फिरला तेव्हा मी शोधत होते. क्लीट म्हणाला, “तुझा भाऊ कधीच मधोमध उभा राहत नाही, कडेला बघ.” मग त्याने टीव्ही बंद केला आणि दिवेलागणीच्या वेळेला बाहेर जाऊन गवत कापायला लागला. गवत कापण्याइतकं वाढलंही नव्हतं.

तुला राग येईल, पण लिहिते. तू सिनेटरच्या ऑफिसात बसतोस, आमच्याच पक्षाच्या. वर्तमानपत्रात म्हणतात की तुझे साहेब अजून ‘विचार करत’ आहेत. कसला विचार? बाबा इथे गाळ उपसायच्या ड्रेजरवर आले तेव्हा वीस वर्षांचे होते. तू आणि मी इथल्या हॉस्पिटलात जन्मलो, बाबा कोरोसालच्या दफनभूमीत आहेत. आमचं लग्न झाल्यापासून, गेली बावीस वर्षं, क्लीट मिराफ्लोरेसला कालव्याचे दरवाजे उघडतो आणि मिटतो. आता वॉशिंग्टनमध्ये कुणीतरी पेन उचलतो आणि झोन संपला म्हणतो. आधी झोन, मग शतक संपेपर्यंत अख्खा कालवा पनामाला. आम्ही काय भाडेकरू होतो?

हो, घर कालव्याच्या कंपनीचंच आहे, ठाऊक आहे मला. तू हेच म्हणशील म्हणून आधीच लिहून टाकलं.

ऑफिसात काल सगळे सुतकात असल्यासारखे होते. मी आणि उना गिटेन्स एकाच टेबलाशी बसतो, तुला माहीत आहे. कोणतं जहाज किती वाजता आत घ्यायचं, कोणाला थांबवायचं, तो दिवसाचा तक्ता आम्ही दोघी करतो. तिला विचारलं, “उना, काय होणार गं आता?” ती पेन्सिलीला टोक करत होती. म्हणाली, “बघू.” आणि एका ग्रीक टँकरची वेळ पुढे ढकलली.

साहेबांशी बोल. एवढंच मागते.

व्हर्ना


बाल्बोआ, कॅनॉल झोन
२८ नोव्हेंबर १९७७

ऑरिन,

माझ्या पत्राचं उत्तर मिळालं. छापील! ‘प्रिय श्रीमती टिबेट्स, आपल्यासारख्या जागरूक मतदारांची मतं सिनेटर महोदयांना अत्यंत मोलाची वाटतात.’ खाली मशीनने उमटवलेली सही. मी तुमच्या राज्यात जन्मात कधी मत दिलेलं नाही, ऑरिन. मी तुझी बहीण आहे. टाइप करणाऱ्या मुलीला तेवढं तरी सांगायचंस.

खाली तुझ्या हाताने तीन ओळी होत्या म्हणून ते फाडलं नाही. तू म्हणतोस, साहेबांना आकडे नकोत, माणसं हवीत. ‘व्हर्न, तिथल्या साध्या लोकांना काय वाटतंय ते मन मोकळं करून लिही, मी त्यांच्या टेबलावर ठेवतो.’

ठीक आहे, लिहिते.

क्लीटला झोप लागत नाही. रात्री उठून नळ दुरुस्त करत बसतो. घरात आता एकही नळ गळत नाही. समोरचं हॉर्टन कुटुंब सामान बांधतंय. कुठे जाणार विचारलं तर म्हणतात, फ्लोरिडा. तिथे त्यांचं कुणी नाही.

आणि आम्ही गोरेच घाबरलोत असं साहेबांना वाटू देऊ नकोस. उनाचंच घे. तिचे आजोबा बार्बाडोसहून खोदकामाला आले. आपल्या बाबांना पगार सोन्यात मिळायचा, त्यांना चांदीत. दुकानं वेगळी, पाण्याचे नळ वेगळे. ते काही बरोबर नव्हतं, ते मला कळतं, आणि आता ते राहिलेलं नाही. आज ती माझ्या शेजारी बसते. तीही आतून हादरली आहे. पनामाचं सरकार आलं तर पॅराइसोमधलं तिचं घर राहील का, निवृत्तिवेतन कोण देईल, या काळजीने तिला पोखरलंय. अमेरिका सोडून गेली तर आमचं कोण, असं तिच्या डोळ्यांत दिसतं. तोंडाने ती बोलत नाही, पण एकोणीस वर्षं शेजारी बसल्यावर माणूस न बोलता कळतो.

हे साहेबांना दाखव.

व्हर्ना


बाल्बोआ, कॅनॉल झोन
१६ जानेवारी १९७८

ऑरिन,

तू साहेबांबरोबर येऊन गेलास. अकरा वर्षांनी आलास आणि एका दुपारपुरता. चल, तेही ठीक.

पण मला काही गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही. तुझ्या साहेबांना क्लीटने दरवाजांवर अर्धा तास उन्हात उभं राहून सगळं समजावलं. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. कंट्रोल हाउसमधल्या दांड्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला आणि म्हणाले, “मित्रांनो, मी तुमच्या बाजूचा आहे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. हॉर्टनबाई रडल्या. त्याच संध्याकाळी शहरात पनामाच्या मंत्र्यांसमोर त्यांनी ‘दोन सार्वभौम राष्ट्रांच्या मैत्रीचा’ पेला उंचावला. क्लीटने रेडिओवर ऐकलं. मला म्हणाला, “मित्र बरेच आहेत त्यांना.”

आणि जेवणाच्या टेबलावरचं ते. क्लीट चिडतो हे तुला माहीत होतं. तरी तू म्हणालास, “क्लीट, देश पुढे चाललाय, परराष्ट्र धोरण काही तुमच्या अंगणावर ठरत नाही.”

तो म्हणाला, “अंगणावर नाही, माझ्या नोकरीवर ठरतंय. तू बायकोशी बोलताना पण असंच बोलतोस का रे?”

“मला बायको नाही.”

“नवल नाही.”

मी हसले म्हणून तुला राग आला. पण हसण्यासारखंच होतं ते. बरं झालं तेवढ्यात उना आली. तिने नारळाच्या दुधातला, ओल्या तुरीच्या दाण्यांचा भात आणला होता, ‘वॉशिंग्टनचा पाहुणा आहे म्हणून’. तू दोनदा वाढून घेतलास. मग मागच्या पायऱ्यांवर तुम्ही दोघं बराच वेळ बसला होतात. मी भांडी घासताना खिडकीतून ऐकत होते, आता सांगून टाकते. तू विचारत होतास, तिला करार हवा की नको. ती म्हणाली, “सिनेटरना सांगा, प्रश्न चांगला आहे. दहा-बारा वर्षं आधी विचारला असता तर मीही तयारी करून बसले असते.” आणि हसली. तू ते वहीत लिहून घेतलं नाहीस. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, उगाच गैरसमज नको.

निघताना गाडीपाशी तू मला जे म्हणालास ते मी क्लीटला सांगितलेलं नाही. “व्हर्न, कालवा जाणारच आहे. आता प्रश्न एवढाच आहे की आमच्या साहेबांची जागा जाते की राहते.” एखाद्याच्या घरी जेवून उठल्यावर हे बोलायचं असतं का, ऑरिन? मग मी रात्रीपर्यंत पत्रं लिहीत होते ती कशासाठी? तुला काय वाटतं ते मी विचारलं तर तू गाडीची काच वर केलीस.

कोरोसालला तू गेला नाहीस. मी फुलं ठेवली. दोघांच्या वतीने.

व्हर्ना


बाल्बोआ, कॅनॉल झोन
६ मार्च १९७८

ऑरिन,

सोबत एक छापील कागद पाठवते आहे. तो तू पाहिला नाहीस असं मला सांगू नकोस.

क्लीटच्या आईला तो टपालाने आला. कुठल्यातरी ‘कालवा वाचवा’ समितीचा. वर तुझ्या साहेबांचा तो दांड्यावरचा फोटो. खाली मोठ्या अक्षरात: ‘झोनमधल्या एका मातेचं काळजाला भिडणारं पत्र’. मला मूल नाही, ऑरिन. नाव मात्र पूर्ण, व्हर्ना टिबेट्स, बाल्बोआ. आणि मग माझी वाक्यं. म्हणजे माझी होती, त्यांनी ती सजवली. क्लीट ‘रात्री हुंदके देतो’. माझा क्लीट! त्याची आई फोनवर घाबरून विचारत होती, त्याला काय झालंय. तो तेव्हा स्वयंपाकघरात सँडविच खात होता.

आणि शेवटचा परिच्छेद. तो मला पाठ झालाय. ‘आमच्या शेजारी काम करणारी उना गिटेन्स, काळी आणि इमानदार, थरथरत्या हातांनी माझा हात धरते आणि विनवते: अमेरिकेला सांगा, आम्हाला सोडून जाऊ नका.’ त्याखाली वर्गणीचा पत्ता.

मी तो कागद ऑफिसात नेला नव्हता. त्याची गरजच नव्हती. उनाची बहीण ब्रुकलिनला असते, तिच्या चर्चमध्ये कुणीतरी तो वाचून दाखवला. बहिणीने कात्रण पाठवलं. उना सकाळी आली, टोपी काढली, कागद माझ्यासमोर ठेवला आणि उभी राहिली.

मी म्हणाले, “उना, हे मी असं लिहिलं नव्हतं.”

“मग कसं लिहिलं होतं?”

मी सांगायला लागले. तुझ्या डोळ्यांत काळजी दिसत होती, म्हणून... तिने मला बोलू दिलं. पूर्ण. तुला माहीत आहे ना, कुणी मध्ये तोडलं नाही की आपलं बोलणं आपल्यालाच कसं ऐकू येतं.

मग ती म्हणाली, “मी ‘बघू’ म्हणाले होते.”

“हो.”

“बघू म्हणजे बघू. विनवणं वेगळं असतं. मला दोन्ही येतात. घाबरली होतीस तू. स्वतःच्या नावावर घाबरायचं होतंस. माझं नाव कशाला लागलं?”

तिने खुर्ची ओढली, तक्ता पुढे घेतला आणि म्हणाली, “मिसेस टिबेट्स, नॉर्वेच्या जहाजाचा पायलट आजारी आहे, तुम्ही दुसरा बघता का?” एकोणीस वर्षांपूर्वी ती मला मिसेस टिबेट्स म्हणायची. तेव्हापासूनचं सगळं तिने एका वाक्यात परत घेतलं.

ते पत्र मी तुला लिहिलं होतं. तुला! टेबलावर ठेवतो म्हणालास, ते कुणाच्या टेबलावर?

फोन करू नकोस. लिही.

व्हर्ना


बाल्बोआ, कॅनॉल झोन
१९ एप्रिल १९७८

ऑरिन,

काल सिनेटमध्ये दुसरं मतदानही झालं. अडुसष्ट विरुद्ध बत्तीस, मार्चमधल्यासारखंच. ऑफिसात रेडिओ लावला होता. एकेक नाव पुकारत होते. आमच्याच पक्षाचे सोळा जण तिकडे गेले. तुझ्या साहेबांचं नाव आलं, ‘नाही’. आमच्यातल्या एका वेड्याने टाळी वाजवली.

मला जे हवं होतं ते तुझ्या साहेबांनी केलं. मग मला आनंद व्हायला हवा होता की नाही?

रात्री तुझा फोन आला, जणू मी लिहू नकोस, फोन कर म्हटलं होतं. तू थोडी प्यायला होतास. “आमच्या मताची गरज पडणार नाही हे आम्हाला दोन दिवस आधीच कळलं होतं, व्हर्न. म्हणून साहेबांना ‘नाही’ म्हणणं परवडलं. गरज पडली असती तर ‘हो’ म्हणाले असते.” म्हणजे त्यांना करार योग्यच वाटत होता! आम्ही इथे त्यांच्या फोटोला टाळ्या वाजवत होतो. करार वाईट आहे म्हणणाऱ्याशी मी भांडले असते, चांगला आहे म्हणणाऱ्याशी तर भांडतेच आहे. पण या माणसाशी भांडायचं तरी कुठून सुरू करू?

आणि पत्राबद्दल तू म्हणालास, “मी फक्त प्रचारवाल्यांना वाचायला दिलं होतं. मला वाटलं, तुला मदत होईल.” तुझा यावर विश्वास आहे, हे सगळ्यात वाईट.

आता दुसरं. आज जेवणाच्या सुट्टीत उना माझ्या टाइपरायटरपाशी आली. “तुमची बोटं जलद चालतात. मी सांगते, तुम्ही टाइप करा. एकही शब्द वाढवायचा नाही.” मी टाइप केलं. प्रत तुझ्या ऑफिसला, प्रत त्या समितीला, प्रत एका वर्तमानपत्राला. तुझी वेगळी प्रत सोबत आहे, पण इथेही उतरवते, कारण तू सोबतचे कागद वाचत नाहीस:

‘माझं नाव उना गिटेन्स. मी कोणाचा हात धरून विनवणी केलेली नाही. झोनने माझ्या आजोबांना चांदीत पगार दिला आणि माझ्या आईला मागच्या दाराने आत घेतलं, ते मी विसरलेले नाही. पनामाने माझ्या मामांचं नागरिकत्व एकदा काढून घेतलं होतं, तेही विसरलेले नाही. कालवा कुणी चालवावा याबद्दल मला मत आहे. ते मी ज्याला सांगायचं त्याला सांगेन. आपण माझं नाव वापरलं, ते छापून मागे घ्यावं.’

तिने दोनदा वाचलं. ‘विसरलेले नाही’ दोनदा आलंय म्हणून मी एक बदलू का विचारलं. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. मी पाकिटं आणायला उठले.

व्हर्ना


बाल्बोआ, कॅनॉल झोन
८ ऑगस्ट १९७९

ऑरिन,

वर्षाहून जास्त झालं, मी लिहिलं नाही, तूही नाहीस. आता लिहायला लावलंस.

समितीचं उत्तर कधीच आलं होतं. उनाला. ‘आपल्या पाठिंब्याबद्दल आभार’ आणि वर्गणीचं पाकीट. ते तिने ऑफिसच्या फळ्यावर टाचून ठेवलं. लोक येता-जाता वाचून हसायचे. तीही हसायची, पण माझ्याकडे न बघता.

तू साहेबांना सोडलंस आणि दुसऱ्या पक्षाच्या एका काँग्रेस-सदस्याकडे गेलास, हे मला क्लीटच्या आईकडून कळलं. तू लिहिलं नाहीस, तेव्हा मी अभिनंदनही केलं नाही. मला मनातून बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, गाडीची काच खाली आली असेल.

आणि काल उनाच्या नावाने जाड पाकीट आलं. कराराची अंमलबजावणी कशी करायची यावर काँग्रेसमध्ये भांडण चाललंय, त्यासाठी तुझ्या नव्या साहेबांचं पत्रक. उनाचा मजकूर, तिचं नाव. चांदीचा पगार आहे, मागचं दार आहे. मामांचं नागरिकत्व गायब. शेवटी भर: ‘झोन जाणार या आनंदाने माझे डोळे भरून येतात.’ सोबत चिठ्ठी, तुझ्या अक्षरात: छापण्यापूर्वी कृपया सही करून पाठवावं. म्हणजे या वेळी परवानगी मागितलीस. सुधारलास म्हणायचं.

उनाने ते मला वाचायला दिलं. दीड वर्षात तिने माझ्या हातात जहाजांशिवाय काही दिलं नव्हतं.

म्हणाली, “तुमच्या भावाला काय सांगू?”

मी म्हणाले, “तुला हवं ते सांग. मी टाइप करते, वाढवत नाही.”

“टाइप कशाला करायचं! त्यांना तोंडी कळवा. एका पक्षाने मला रडवलं, आता दुसरा मला हसवायला निघालाय. हसायचं-रडायचं माझं मी बघेन. आणि हो, मामांना परत पाठवा म्हणावं, त्यांना कुठे हरवलंत?”

मग ती हसायला लागली, आणि मीही. पण तिचं हसणं आधी थांबलं.

तर तोंडी निरोप लेखी देते आहे. त्या पत्रकावर सही होणार नाही. ते छापलंस तर मी स्वतः वॉशिंग्टनला येईन आणि तुझ्या नव्या साहेबांच्या दारात बसेन. मी धमकी देत नाहीये, विमानाची चौकशी केली आहे.

तुला मी एकच विचारते. पक्ष बदललास, साहेब बदललेस. मग उनाला तू त्या पायऱ्यांवर बसून जे विचारलंस आणि तिने जे सांगितलं, ते दोन्हीकडे कुणाच्याच उपयोगी का पडलं नाही?

व्हर्ना


बाल्बोआ
२ ऑक्टोबर १९७९

ऑरिन,

पत्रक छापलं नाहीस, कळलं. आभार मानत नाही.

काल झोन संपला. तू तुझ्या पत्रात विचारतोस, कसं वाटलं, लोक काय म्हणाले, सविस्तर लिही. तर ऐक.

परवा मावळतीला आपला झेंडा उतरवला. क्लीट आला नाही, ड्यूटी मागून घेतली. जहाजांना काय, त्यांना दरवाजे उघडून हवे असतात. आता दोन पनामाच्या मुलांना तो शिकवतोय. एक बरा आहे म्हणतो. दुसऱ्याचं नाव तो मुद्दाम चुकीचं घेतो, आणि तो मुलगाही मुद्दाम ‘मिस्टर टेबल’ म्हणतो. घरी येऊन क्लीट हे सांगतो आणि हसू दाबतो. आम्ही राहतोय, निदान त्याची नोकरी असेपर्यंत. हॉर्टन गेले.

काल सकाळपासून पनामा शहरातून माणसांचे लोंढे येत होते. कुंपणं होती तिथून, जिथे त्यांना कधी येऊ दिलं नव्हतं तिथून. अँकॉन टेकडीवर भला मोठा झेंडा चढवला. गाड्यांचे भोंगे, ढोल. मी ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं. मला आवडलं असं खोटं लिहिणार नाही. त्याआधी सकाळी घरी, माझ्या दारातल्या क्रोटनच्या झाडाशी एक माणूस उभा राहून फोटो काढून घेत होता, मला त्याच्या अंगावर पाणी टाकावंसं वाटलं. मग तो माझ्याकडे बघून इतक्या आदबीने टोपी काढून वाकला की मी पडदा ओढून घेतला.

दुपारी उना तक्ता पाहत होती, पण तीच ओळ पुन्हा पुन्हा. मी म्हणाले, “जा तू. तुझी जहाजं मी बघते.” तिने टोपी घातली आणि गेली, कुठे ते सांगितलं नाही. मी दोघींचं काम केलं, एक कोळशाचं जहाज चुकीच्या वेळेला लावलं आणि पायलटच्या शिव्या खाल्ल्या.

ती संध्याकाळी परत आली. घसा बसलेला, केसांत कुणीतरी उधळलेले कागदाचे तुकडे. यायची काहीच गरज नव्हती, पाळी संपली होती. खुर्चीत बसली. “बूट काढते गं, पाय सुजलेत.” मी पाणी दिलं. ते तिने एका दमात संपवलं.

मी विचारलं, “उना, कसं वाटतंय तुला?”

तिने दाराकडे पाहिलं, कुणी आहे का. मग पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवले आणि बोलायला लागली. खूप वेळ बोलली. आजोबांबद्दल, पॅराइसोबद्दल, त्या टेकडीवर काय झालं आणि तिथे तिला कोण भेटलं, माझ्याबद्दलही, आणि ते सगळं काही ऐकायला सोपं नव्हतं. मधे एकदा मला उठून जावंसं वाटलं. मी बसून राहिले. बाहेर अंधार पडला तरी आम्ही दिवा लावला नाही.

ती काय म्हणाली ते मी तुला लिहिणार नाही.

व्हर्ना